सापाचा मालक जत्रेला निघतो तेव्हा



गेल्या महिन्यात सिडकोतल्या एका ताईंचा आमच्या कार्यक्रमाला फोन आला. आवाज जरा घाबराच होता. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तिथे त्याने खोलीवर साप पाळला आहे, हे त्यांना वर्षभराने कळलं. आता तो म्हणतो, "आई, शनिवारी सापांच्या जत्रेला चाललोय, पहिल्यांदाच." हे एक झालं. दुसरं म्हणजे दिवाळीनंतर तो नोकरी सोडून कायमचा नाशिकला येणार आहे आणि विचारतोय, "सापाला बरोबर आणू का?"

ताईंनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. या जत्रेत नेमकं असतं काय? आणि साप घरी आणायला मी हो म्हणू की नको?

फोन ठेवल्यावर आम्ही आधी थोडं हसलो, मग विचारात पडलो. कारण उत्तर आमच्यापैकी कुणालाच धड माहीत नव्हतं. मग वाचलं, वनखात्यातल्या आणि सर्पमित्र मंडळींशी बोललो. जे समजलं ते आज सगळ्यांसाठी सांगतोय. श्रावण तोंडावर आहे, नागपंचमी येते आहे, त्यामुळे विषय आपल्याही दारातलाच आहे.

आधी त्या मुलाच्या सापाबद्दल. त्याच्याकडे बॉल पायथन आहे. हा अजगराच्या कुळातला, पण छोटा साप. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला; घाना, टोगो, बेनिन या देशांतला. घाबरला की डोकं मधे घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून नाव बॉल पायथन. विषारी नाही. मादी चार-पाच फुटांपर्यंत वाढते, नर त्याहून लहान राहतो. नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. मैत्रिणींनो, हा आकडा लक्षात ठेवा. पंचविशीतल्या मुलाने घेतलेला साप त्याच्या पन्नाशीपर्यंत घरात असू शकतो.

आता जत्रा. जर्मनीत हाम नावाचं शहर आहे. तिथे टेरारिस्टिका नावाचा बाजार वर्षातून चार वेळा भरतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी तो एक. मोठमोठे हॉल, टेबलांच्या रांगा आणि टेबलावर प्लास्टिकच्या पारदर्शक डब्या. एकेका डबीत एकेक साप, पाल, सरडा, बेडूक, कोळीसुद्धा. डबीवर चिठ्ठी: जात कोणती, नर की मादी, जन्म कधीचा, किंमत किती. आपल्याकडे बैलबाजारात दात बघून बैल घेतात ना, तसं लोक तिथे सापाचं तोंड, डोळे, अंग बघून साप घेतात.

स्वतःचा साप असलेला माणूस अशा ठिकाणी पहिल्यांदा जातो तेव्हा सगळ्यात मोठी चूक कोणती करतो? तो आपला साप बरोबर नेतो. चारचौघांना दाखवू, जाणकाराला विचारू, असा भाबडा विचार. जाणती माणसं सांगतात, घरचा साप घरीच ठेवा. याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण, सापाला स्वतःच्या अंगची ऊब नसते. आपलं शरीर आपण आतून गरम ठेवतो. साप बाहेरच्या उन्हावर, दगडाच्या उबेवर जगतो. म्हणून पाळलेल्या सापाच्या पेटीत एक बाजू गरम आणि एक बाजू थोडी थंड ठेवावी लागते. बॉल पायथनसाठी गरम बाजू साधारण ३१-३२ अंश आणि थंड बाजू २५-२६ अंश. जर्मनीच्या थंडीत पिशवीत घालून नेलेला साप वाटेतच गारठतो. गारठला की खाल्लेलं पचत नाही आणि छातीचा आजार होतो.

दुसरं कारण, संसर्ग. सापाच्या अंगावर पिसवांपेक्षा बारीक, काळे किडे होतात. ते खवल्यांखाली आणि डोळ्यांच्या कडेला बसून रक्त पितात. जत्रेत शेकडो जनावरं एकत्र येतात. एका डबीतला किडा हातावरून, बाहीवरून दुसऱ्याच्या सापावर जातो. श्वासाचे काही आजारही असेच पसरतात. म्हणून तिथे नियम असा की विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. एका टेबलावर साप हाताळला तर हात स्वच्छ करूनच दुसऱ्या टेबलाशी जायचं. आणि घरी आल्यावर आधी अंघोळ, कपडे धुवायला, मगच आपल्या सापाच्या पेटीला हात.

तिसरं कारण साधं आहे. सापाला आपल्यासारखी जत्रेची हौस नसते. उजेड, गर्दी, हादरे, नवे हात हे सगळं त्याला संकट वाटतं. घाबरलेला बॉल पायथन आठवडेच्या आठवडे खाणं सोडतो. जेवण झाल्यावर दोन दिवसांच्या आत त्याला हलवलं तर गिळलेलं बाहेर टाकतो.

मग नवा साप घ्यायचाच असेल तर काय बघायचं? डोळे स्वच्छ आहेत का. नाकपुड्या कोरड्या आहेत का. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय का, तोंडाशी फेस आहे का. अंगावर जुनी कात चिकटून राहिली आहे का. पाठीचा कणा वर आला आहे का. आला असेल तर जनावर उपाशी आहे. शेवटचं कधी खाल्लं आणि काय खाल्लं, हे विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हा साप पिंजऱ्यात जन्मलेला आहे की रानातून पकडून आणलेला? रानातल्या सापाच्या अंगात जंत असतात, तो माणसाला बिचकतो आणि त्याच्यापायी रान ओस पडतं. पिंजऱ्यात जन्मल्याचा कागद विकणाऱ्याकडून घ्यायलाच हवा. नवा साप घरी आणला की पहिल्या सापाजवळ ठेवायचा नाही. वेगळी खोली, वेगळी भांडी, निदान तीन महिने. आपण बाजारातून आणलेली नवी कोंबडी काही दिवस खुराड्याबाहेर ठेवतो, तेच हे.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या बायकांच्या कामाची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण माणसाला जुलाब आणि ताप होतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना तो जड जातो. म्हणून सापाची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत धुवायची नाहीत. ताईंच्या घरी सून येणार, नातवंडं होणार, तेव्हा हा विचार करावाच लागेल.

तिकडे सगळं शिस्तीत चालतं, असं मात्र समजू नका. हाम ज्या राज्यात आहे, त्याच राज्यात हेर्ने नावाचं शहर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका इमारतीत कुणीतरी पाळलेला विषारी नाग निसटला. आजूबाजूची घरं रिकामी करावी लागली, लोकांना काही दिवस बाहेर राहावं लागलं, मग तो नाग सापडला. त्यानंतर त्या राज्याने २०२० मध्ये कायदा केला आणि अशी विषारी जनावरं नव्याने घरी पाळायला बंदी घातली. म्हणजे जिथे साप पाळणं हा छंद मानतात, तिथेही शेजाऱ्याच्या जिवाशी गाठ आली तेव्हा सरकारला मधे पडावं लागलं.

आता इकडे वळू. आपल्याकडे सापांची जत्रा नव्हती का? होती. आणि सापाचे मालकही होते, निदान काही आठवड्यांपुरते.

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा तुम्ही ऐकलं असेल. गोरक्षनाथ भिक्षेला आले, त्यांना एक बाई मातीच्या नागाची पूजा करताना दिसली, त्यांनी तिला जिवंत नागाची पूजा करायला सांगितलं, अशी तिथली आख्यायिका. तेव्हापासून जिवंत नाग पुजायची प्रथा पडली असं सांगतात. नागपंचमीच्या आधी गावातली नागमंडळं शेतात, बांधावर हिंडून नाग पकडत. मातीच्या मडक्यात ठेवून, तोंडाला फडकं बांधून ते सांभाळत. पंचमीला घरोघरी बायका ओवाळत. मग मिरवणूक निघे, अंबामातेच्या देवळापुढे नाग खेळवले जात. पुढे त्यात स्पर्धा आल्या. कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच, त्याला बक्षीस. ट्रॅक्टर आले, कर्णे आले, हजारो माणसं बघायला यायला लागली. जुने लोक सांगत की पंचमी झाली की ज्या शेतातला नाग त्याच शेतात सोडायचा. तो जिव्हाळा खोटा नव्हता. पण पूजेचा खेळ झाला आणि खेळाची शर्यत झाली, तिथे नागाचे हाल सुरू झाले.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानातला साप पकडणं, ठेवणं, त्याचा खेळ करणं हे सगळं त्यात गुन्हा आहे. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने शिराळ्यातल्या जिवंत नागांच्या खेळाला आणि स्पर्धांना चाप बसला. गावाला ते सहज पचलं नाही. आपल्या श्रद्धेवर घाला आला असं अनेकांना वाटलं. वर्षानुवर्षं मागण्या झाल्या, अर्ज गेले. अखेर २०२५ मध्ये केंद्र सरकारने २१ नाग पकडायला परवानगी दिली, पण ती लोकांना माहिती देण्यासाठी, शिक्षणासाठी, तीही मोजक्या दिवसांपुरती. मिरवणूक आणि स्पर्धा यांना नव्हे. म्हणजे आता गावात नाग आला तरी तो कुणाच्या मालकीचा म्हणून येत नाही.

आणि दुसरी जत्रा तर आपल्या प्रत्येकीच्या दारात भरायची. पंचमीच्या सकाळी टोपली घेऊन गारुडी यायचा. आम्हीही लहानपणी वाटीभर दूध, लाह्या, हळदकुंकू आणि आईने दिलेले पैसे घेऊन धावलो आहोत. नाग दूध पितो हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पण का पितो, हे कुणी सांगितलं नव्हतं. सापाचं अन्न उंदीर, बेडूक, पाली. दूध त्याला पचत नाही. टोपलीतल्या नागाला कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते ओलं पितो. ते दूध फुप्फुसात गेलं तर तो मरतो. कित्येक नागांचे दात उपटलेले असतात, काहींचं तोंड शिवलेलं असतं. पुंगीवर डुलतो तेही नाचणं नाही. समोर हलणाऱ्या वस्तूवर तो नजर ठेवतो, इतकंच.

मैत्रिणींनो, पंचमीला नाग आपला भाऊ. त्या दिवशी आपण चिरत नाही, तवा ठेवत नाही, दिंडं उकडतो, कारण कुणा जिवाला इजा होऊ नये. आणि त्याच दिवशी तोंड शिवलेल्या भावाला ओवाळायचं? आम्ही आता पाटावर चंदनाने नाग काढतो, नाहीतर मातीचा करतो. पूजेत काही उणं राहिल्यासारखं वाटत नाही. गारुड्याला हाकलून द्यावं असंही आम्ही म्हणत नाही. त्याचंही पोट आहे आणि त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. तमिळनाडूत इरुळा समाजाच्या साप पकडणाऱ्यांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली. ते साप पकडतात, विष काढतात, साप परत सोडतात आणि त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध बनतं. पोट भरायला दुसरी वाट मिळाली तर टोपली आपोआप खाली ठेवता येते, हे त्यांनी दाखवलं.

साप बघायची हौस असेल तर पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात मुलांना घेऊन जा. ते नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारातून १९८६ मध्ये उभं राहिलं. त्याआधी १९८० मध्ये याच खैऱ्यांनी पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. साप उगाच चावत नाही, हे लोकांना दाखवायचं होतं. आणि हे काम पुरुषांचंच, असं कुणी म्हणालं तर त्याला बुलढाणा जिल्ह्यातल्या वनिताताई बोराडे यांचं नाव सांगा. हजारो साप घरांतून सुखरूप काढून रानात सोडणाऱ्या या शेतकरी घरातल्या बाईंना ८ मार्च २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. बॉल पायथन नाशिकला आणता येईल का?

आपला अजगर, नाग, धामण घरात ठेवणं हा सरळ गुन्हा. अजगर तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. परदेशी सापाचं प्रकरण वेगळं. जगातल्या देशांनी दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारासाठी एक करार केला आहे, त्याला साइट्स म्हणतात. बॉल पायथन त्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी आपल्या कायद्यातही आली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी असा प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश नावाच्या सरकारी पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक झालं. नोंदणीसाठी सहा महिने दिले होते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तर तेही कळवायचं.

पण ही नोंद इथे असलेल्या प्राण्याची. बाहेरून आणायचा तर निघण्याच्या देशाची साइट्सची परवानगी, आपल्याकडे परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत पत्र लागतं. प्रवासाच्या सामानात कुत्रा-मांजर आणायची जी सोय आहे, ती सापाला नाही. बॅगेत लपवून आणलेले साप विमानतळावर पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्यात माणसाची नोकरी जाते आणि सापाचा जीव.

समजा, कागद मिळाले. मग नाशिकचा उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि वीज जाते. बॉल पायथनला ३५ अंशांच्या वर सोसत नाही. त्याच्यावर उपचार करणारा जनावरांचा डॉक्टर गावात सापडायला हवा. महिन्याला गोठवलेले उंदीर हवेत, ते ताईंच्या फ्रिजमध्ये भाजीशेजारी. आणि कंटाळा आला तर? अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळलेले बर्मी अजगर सुटले, काही लोकांनी मुद्दाम सोडले. आज तिथले ससे, रॅकून संपत आले आहेत आणि सरकार अजगर पकडणाऱ्यांना पैसे देतं आहे. परका साप गोदाकाठी सोडणं म्हणजे तेच बी पेरणं.

म्हणून ताईंना आम्ही सांगितलं: मुलाला जत्रेला खुशाल जाऊ द्या, शिकेल. साप मात्र इकडे आणू नका. त्याच जत्रेत चांगला सांभाळणारा माणूस भेटेल, त्याच्या हाती कागदांसकट सोपवा. आवडत्या जिवाचं भलं बघणं हेच मालकाचं शेवटचं काम.

जाता जाता आपल्या घरचं. आपल्याकडे निफाड-दिंडोरीत द्राक्षबागा आहेत, कांद्याच्या चाळी आहेत. तिथे उंदीर येतात, उंदरांमागे साप. घरात साप दिसला तर मारू नका, पकडायलाही जाऊ नका. लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपले चार मोठे विषारी साप. मण्यार रात्री चावते, बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणून पावसाळ्यात जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. दंश झाला तर बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज येते. हातपाय हलवू नका, फळीने आधार द्या. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. सर्पदंशावरचं औषध तिथेच आहे.

परवा ताईंचा पुन्हा फोन आला. मुलगा जत्रेला जाऊन आला, साप घरीच ठेवून. तिथे त्याला एक शिक्षक भेटले, त्यांच्याकडे आधीच दोन बॉल पायथन आहेत. दिवाळीआधी साप त्यांच्याकडे जाणार. पोरगा थोडा रडवेला झाला होता म्हणे. ताई म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं, पंचमीला पाटावर नाग काढीन, तेव्हा तुझ्या सापाच्या नावाने चार लाह्या जास्त वाहीन."

आपणही वाहू या.